रस सुटला त्या दिवशीची सभा

मार्चच्या पहिल्या मंगळवारी सकाळी उठले ती मी चूळही न भरता ओसरीवर गेले आणि खांबावरचा थर्मामीटर पाहिला. सूर्य अजून टेकडीआडच होता, पण रात्री गोठणबिंदूखाली गेलेला पारा एव्हाना वर चढून बसला होता. छपराच्या कडेचे बर्फाचे सुळे टपटप गळत होते. एरवी इथे अमेरिकेच्या उत्तरेला, आमच्या व्हर्माँटमध्ये, माणूस नोव्हेंबरपासून या आवाजासाठी कान टवकारून असतो. मला मात्र तो त्या दिवशी नको होता.

त्या दिवशी गावसभा होती. वर्षातून एकदा, याच मंगळवारी, सारं गाव शाळेच्या हॉलमध्ये बसतं आणि रस्त्यांपासून वाचनालयाच्या छपरापर्यंत सगळं हात वर करून, नाहीतर चिठ्ठ्या टाकून ठरवतं. यंदाच्या पत्रिकेवर अकरावा प्रस्ताव आमचा होता. गावाचं जुनं कचऱ्याचं मैदान बंद पडलंय, तिथे सोलर पॅनेल बसवायचे. शाळेच्या तळघरात मोठी बॅटरी ठेवायची. म्हणजे वादळात तारा तुटल्या तरी शाळेच्या हॉलमध्ये दिवे राहतील आणि ऊब राहील. मी आणि विनी प्रॅटनं दारोदार फिरून सह्या जमवल्या आणि हा प्रस्ताव सभेपुढे आणला होता. विनी माझी शाळेपासूनची मैत्रीण. तोंडानं फाटकी, पण शब्दाला पक्की.

लोकांसाठी तो विजेचा प्रस्ताव होता. माझ्यासाठी तो माझ्या घराचा होता, आणि हे गावात विनीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

माझा नवरा रोलंड. त्यानं तीस हिवाळे गावाचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. आता त्याची फुप्फुसं थकलीत. नाकात नळी असते आणि दिवाणखान्यात ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र घुमत असतं. यंत्र विजेवर चालतं. आदल्या वर्षी डिसेंबरात असा पाऊस पडला की तो पडता पडता गोठला, झाडं बर्फाच्या वजनानं तारांवर कोसळली आणि जवळजवळ आठवडाभर गावात वीज नव्हती. मी सिलिंडर बदलत राहिले, काटा खाली येताना बघत राहिले. शेवटचा सिलिंडर लावला तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला ट्रकमध्ये घालून शहरातल्या इस्पितळात नेलं. परत आल्यावर रोलंड म्हणाला, "असलं आता माझ्याच्यानं होणार नाही. गावात वीज न जाणारी एक खोली असली तर राहू. नसली तर डेनिजकडे जाऊ."

डेनिज आमची मुलगी. ती दक्षिणेत समुद्रकाठी राहते, तिथे लोक जानेवारीतसुद्धा पायात चपला घालून हिंडतात. ती बरेच दिवस बोलावत होती. तिच्याकडे जायचं म्हणजे घर विकून जायचं. मी या गावात जन्मले, या गावच्या पोस्टात खिडकीवर बसून म्हातारी झाले. कोणाकडे कुणाचं पत्र येतं आणि कोणाकडे कुणाचंच येत नाही, हे मला माहीत आहे. तिथे मी कोण? डेनिजची आई, आणि तेही तिच्या दोन शेजाऱ्यांपुरती. मी रोलंडला म्हटलं, ठीक आहे, खोली आणून दाखवते. तो माझ्याकडे बघत राहिला. मला ते आव्हान वाटलं. मी कंबर कसली.

सबंध हिवाळा विनी आणि मी फिरलो. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. आत घेतात, बूट काढायला लावतात, दुपारपर्यंत चुलीवर काळी पडलेली कॉफी पाजतात, कुत्र्याचं आजारपण सांगतात आणि निघताना म्हणतात, "बघू." या 'बघू'तून हो कुठला आणि नाही कुठला हे ओळखायला पोस्टातली पस्तीस वर्षं उपयोगी पडली. तरी रात्री अंथरुणात पडून मी एकेक घर पुन्हा उघडून बघायची आणि घाबरायची. काही बायका सही करताना नवऱ्याकडे बघत होत्या. काही नवरे खिडकीबाहेर बघत होते. यंत्राचा आवाज ऐकत मी बेरजा करायची आणि दर रात्री बेरीज वेगळी यायची.

विरोधात खरा उभा होता तो एकटा हॉलिस बॅस्कम. ऐंशीच्या घरातला, एकटा राहणारा, लाकडाच्या शेगडीवर जगणारा. त्यानं मला दार अर्धंच उघडलं, म्हणजे मी धड आत नाही आणि धड बाहेर नाही. म्हणाला, "हिवाळ्यात इथे सूर्यच नसतो बाई, काचा काय चाटायच्या? आणि कर्ज कोण फेडणार, तुझं पोस्ट?" मी त्याला बॅटरीचं समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग त्यानं दार हळूच लावून घेतलं. निदान तो 'बघू' म्हणाला नाही, एवढा त्याचा प्रामाणिकपणा.

आमची भिस्त होती टेकडीवरच्या गुऱ्हाळवाल्यांवर. तिथली दहाबारा घरं मेपलची झाडं राखतात, वसंताच्या तोंडाशी झाडांना भोकं पाडतात, रस काढतात आणि सगळ्यांच्या एकाच गुऱ्हाळात आटवून त्याचा पाक करतात. त्यांचा म्होरक्या आर्मंड मेसियर. त्यानं मला खुर्ची दिली, पाक घातलेला चहा दिला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "माझा आजोबा मार्च संपताना भोकं पाडायचा. मी फेब्रुवारीत पाडतो. हवा बदललीय की नाही हे मला कुणी शिकवू नये. आमची सगळी मतं तुझी." त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपले.

आणि मग मी अन् विनीनं आपल्याच हातानं घोडचूक केली. प्रस्ताव कोणत्या वेळी घ्यायचा हे पंच विचारत होते. सकाळी लोक रस्त्यांच्या खर्चावरून एकमेकांच्या अंगावर येतात. त्यापेक्षा जेवणानंतर घ्यावा, असं आम्ही म्हटलं. चर्चच्या बायका सभेच्या दुपारी राजमा, हॅम आणि पाय, म्हणजे फळं भरून भाजलेली गोड पोळी, वाढतात. सफरचंदाचा पाय पोटात गेला की माणूस मवाळ होतो. हिशेब बरोबर होता. फक्त एक विसरलो. सभा मार्चमध्ये असते, आणि रात्री गोठून दुपारी ऊन पडलं की झाडांना रस सुटतो. रस सुटला की गुऱ्हाळवाला सख्ख्या भावाच्या लग्नातूनसुद्धा उठून जातो. आमच्या टेकडीवर पूर्वी एवढ्या लवकर सुटत नसे, म्हणून आर्मंडनं सांगूनही आमच्या डोक्यात आलं नाही. बाहेरून आलेल्यानं ही चूक केली असती तर मी वर्षभर त्याची चेष्टा केली असती.

म्हणून त्या सकाळी ओसरीवर उभी राहून मी ती टपटप ऐकत होते आणि मला रडू येत होतं.

हॉलमध्ये पोचलो तेव्हा आर्मंड आणि त्याची माणसं भिंतीशी उभी होती. बसली नव्हती, यातच सगळं आलं. मी रोलंडला दाराजवळ खुर्ची दिली, त्याचा चाकांवरचा सिलिंडर बाजूला लावला. विणकामं निघाली, पोरं खुर्च्यांखाली शिरली, अध्यक्ष क्लेटननं हातोडी आपटली. क्लेटन गुरांचा डॉक्टर. वीस वर्षं तोच सभा चालवतो, कारण चावून न घेता कुणाला कसं धरायचं हे त्याला कळतं.

पहिले प्रस्ताव लवकर उरकले. मग आला गावाचा नवा ट्रक, आणि त्यावर जी जुंपली ती जुंपलीच. टायरांवर अर्धा तास. ट्रक लाल असावा की पिवळा, यावर एकानं भाषण केलं. मी खिडकीकडे बघत होते. शाळेच्या छपरावरून आता थेंब नाही, धार लागली होती. भिंतीशी उभ्या माणसांचे डोळेही तिथेच होते. त्यांच्यातला एकजण टोपी हातात फिरवत होता, मग त्यानं ती डोक्यावर घातली. मी उठून आर्मंडकडे गेले आणि कुजबुजत विचारलं की थांबणार ना. त्याचा चेहरा लहान मुलासारखा ओशाळला. म्हणाला, टाक्या भरून वाहायला लागल्या असतील, रस एक दिवससुद्धा ठेवला तर आंबतो, आणि चुलाण पेटलं की कढई सोडून हलता येत नाही, पाक करपतो. "मतदानाच्या आधी निरोप धाड, येऊ." मी विचारलं निरोप कसा धाडू, टेकडीवर फोन लागत नाही. तो म्हणाला, "माणूस धाड."

राजम्याची पातेली उघडायच्या आधी ते सगळे गेले होते. भिंतीजवळची जागा नुसती ओल्या बुटांच्या डागांची राहिली.

जेवणात मी ताटलीतला राजमा नुसता इकडून तिकडे सारत होते. हॉलिस पायचा दुसरा तुकडा खात होता आणि आसपासच्या म्हाताऱ्यांना हसवत होता. विनीनं माझी ताटली बाजूला सरकवली आणि म्हणाली, "मी जाते वर. त्यांच्या कढया मी बघते, ते येऊन मतं टाकतील. तू फक्त सभा लांबव." मी म्हटलं, मग तुझं मत? ती म्हणाली, "माझं एक. त्यांची वीस. पोस्टातल्या बाईला एवढं गणित येत नाही?" आणि ती गेली. तिची गाडी शाळेच्या आवारातच चिखलात एकदा रुतली, मग निघाली. टेकडीवरचा रस्ता याहून वाईट होता.

हातोडी पडली. क्लेटननं अकरावा प्रस्ताव वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मला सभेत बोलायची सवय नाही. खिडकीच्या जाळीआडून एकेकाशी बोलणं निराळं. पण त्या दिवशी मी उभी राहिले आणि बोलले ते थांबलेच नाही. बॅटरी किती मोठी ते सांगितलं, मैदान किती एकर ते सांगितलं, मागच्या वादळात कोण कोण अंधारात होतं त्यांची नावं घेतली, ज्यांना नावं घेतलेली आवडली नाहीत त्यांचीही घेतली. खिडकीतून रस्ता दिसत होता. रस्त्यावर कुणी नव्हतं. शेवटी क्लेटन म्हणाला, "अर्लीन, आम्हाला कळलं. आता दुसऱ्याला बोलू दे." आमच्या सभेत सगळ्यांचं बोलून झाल्याशिवाय एकाला दुसऱ्यांदा बोलता येत नाही. माझ्या हातातली गोष्ट संपली होती.

हॉलिस उठला. त्याला बोलायची हौस आहे, म्हणून मला उलट बरं वाटलं. चांगला लांबवील असं वाटलं. पण त्या दिवशी मेला दोन वाक्यांत आटोपला. म्हणाला की मी शेगडीवर जगलो, शेगडीवर मरेन, आणि जे शेगडी पेटवायला शिकले नाहीत त्यांच्यासाठी मी कर्ज काढणार नाही. लोक हसले आणि तो बसला.

मग मी मागच्या रांगांमध्ये वाकून वाकून फिरले. वाचनालयवालीच्या कानात सांगितलं, बोल. शिक्षिकेला सांगितलं, काहीतरी विचार. शिक्षिकेनं विचारलं की पॅनेलवर बर्फ साठला तर काय, त्यावर पॅनेलच्या कंपनीचा अभियंता आला होता त्यानं उत्तर दिलं, आणि एवढं नीट दिलं की त्यावर कुणाला पुढे काही विचारता येईना. बायका विणकाम गुंडाळू लागल्या. एक बाळ रडायला लागलं. क्लेटन हॉलभर नजर फिरवून विचारत होता, आणखी कुणी? आणखी कुणी? रस्ता रिकामा होता.

तेव्हा दाराजवळून एक हात वर झाला. रोलंडचा.

मला वाटलं, देव पावला. हा बोलणार. या हॉलमधल्या प्रत्येकाच्या दारातला बर्फ यानं पहाटे उठून काढलाय. हा दोन शब्द बोलला तर सगळे ऐकतील. तो खुर्चीला धरून उभा राहिला, श्वास घेतला आणि म्हणाला, "अध्यक्षमहाशय, चर्चा थांबवावी आणि मतदान घ्यावं, असं मी सुचवतो."

मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं बघितलं नाही. मला वाटलं सिलिंडर संपत आला असेल, थकला असेल. रोलंडला काय ठाऊक, विनी कुठे गेलीय? मग आठवलं की जेवताना तो माझ्या शेजारीच बसला होता. क्लेटननं हात वर करायला सांगितले. चर्चा थांबवायला तीन भागांतले दोन भाग हात लागतात. नाकात नळी असलेल्या माणसानं मागितलेली गोष्ट कोण नाकारणार? सगळ्या हॉलचे हात वर गेले. माझा गेला नाही. मला तो जडच झाला होता.

कुणीतरी चिठ्ठ्यांची मागणी केली म्हणून थोडा वेळ मिळाला. रांग लागली. नाव सांगायचं, चिठ्ठी घ्यायची, लिहायची, लाकडी पेटीत टाकायची. रोलंडला सगळ्यांनी पुढे घातलं. तो टाकून गाडीत जाऊन बसला. मी रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहिले आणि तरी रांग सरकत राहिली. पेन्सिल पाडली, उचलली. चिठ्ठी चुरगळली म्हणून दुसरी मागितली. क्लेटन म्हणाला, "अर्लीनबाई, मत टाकताय की टपालानं पाठवताय?" सगळे हसले. मी चिठ्ठी पेटीच्या फटीवर धरली आणि सोडवेना. त्या क्षणी मला घर दिसलं, रिकामं केलेलं, माझ्या स्वैपाकघरात कुणी परकी बाई उभी. मी चिठ्ठी सोडली. क्लेटननं हातोडी उचलली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, कुणी राहिलंय का?

आणि दार उघडलं. आर्मंड आत आला, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगाला गोड धुराचा वास. त्याच्यामागून त्याची बायको, भाऊ, टेकडीवरची सगळी. क्लेटननं हातोडी तशीच वर धरून ठेवली आणि म्हणाला, "पायपुसणं तिकडे आहे." हॉलिस ओरडला की मतदान संपलंय. क्लेटन म्हणाला, "मी आपटली का? मग संपलं नाही." मी भिंतीला टेकले. आर्मंड चिठ्ठी लिहिता लिहिता मला म्हणाला की विनीनं एका कढईचा तळ करपवलाय आणि ती सगळा दोष त्याच्यावर ढकलतेय.

चिठ्ठ्या मोजायला फार वेळ लागला, की मला तसं वाटलं. क्लेटननं आकडे वाचले. प्रस्ताव मंजूर. दोन हातांच्या बोटांवर मावतील एवढ्याच मतांनी. बायकांनी मला मिठ्या मारल्या, शिक्षिका रडली, मीही रडले. कुणीतरी उरलेला पाय माझ्या हातात कोंबला. तो कागदी ताटलीतला पाय घेऊन मी पळत गाडीकडे गेले. रोलंडला सांगायचं होतं.

तो पुढच्या सीटवर बसला होता, काच अर्धी खाली. मी चालकाच्या जागी बसले, ताटली मांडीवर ठेवली आणि सांगितलं की झालं, मंजूर झालं, राहायचं आपण. तो म्हणाला, "ऐकलं. टाळ्या ऐकल्या."

मग मी विचारलं, की एवढी चर्चा बंद करायची घाई का, सिलिंडर संपत आला होता का. त्यानं काट्याकडे बोट दाखवलं. सिलिंडर अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

"आर्मंड यायच्या आत मतदान व्हावं म्हणून केलं," तो म्हणाला. "मी विरुद्ध मत दिलंय, अर्लीन."

मला कळायलाच वेळ लागला. मग असा संताप आला की मी ताटली डॅशबोर्डवर आपटली. मी म्हटलं, सबंध हिवाळा मी कुणासाठी दारं ठोठावली? हॉलिसच्या अर्ध्या दारात कुणासाठी उभी राहिले? तूच म्हणालास ना, खोली असली तर राहू?

"मला वाटलं खोली होणार नाही," तो म्हणाला. त्याला थांबून थांबून बोलावं लागत होतं. "या गावानं मला टायर द्यायला तीन वर्षं घेतली. बॅटरी कुठली देतायत? म्हटलं, तू हरशील. मग आपण जाऊ, आणि मला काही बोलावं लागणार नाही."

मी विचारलं, काय बोलायचं होतं.

"भीती वाटते मला. दिवा नुसता लुकलुकला ना, तरी यंत्राच्या आधी माझाच श्वास थांबतो. तू झोपलेली असतेस. आणि वादळात त्या हॉलमध्ये खाटेवर पडायचं, ज्यांच्या दारातला बर्फ मी काढला त्यांच्या डोळ्यांसमोर. नको वाटतं. मला डेनिजकडे जायचंय. मला ऊन पाहिजे. पण तू रोज बाहेरून यायचीस, नाक लाल झालेलं, आणि इतकी खूष. किती वर्षांत तुला तसं बघितलं नव्हतं. कसं सांगणार?"

खरं सांगायचं तर मला त्याचा राग येत होता, आणि त्याहून जास्त माझ्या घराची माया दाटून येत होती. आता खोली मिळाली होती. शब्द त्यानंच दिला होता. मी त्याला त्या शब्दात धरलं असतं तर तो राहिला असता. रोलंड तसाच आहे. पुन्हा हा विषय त्यानं कधी काढला नसता, प्रत्येक वादळात डोळे उघडे ठेवून पडून राहिला असता आणि मला झोपू दिलं असतं. हे सगळं मला त्या गाडीत बसल्या बसल्या स्वच्छ कळत होतं. आवारात लोक गाड्या चिखलातून ढकलत होते आणि आमच्याकडे बघून हात हलवत होते. मी त्यांना हात हलवत होते.

तेवढ्यात हॉलिस काठी टेकत आला आणि रोलंडच्या खिडकीपाशी वाकला. हरलेला माणूस आपणहून येऊन हात मिळवतो, ही आमच्या सभेची रीत. त्यानं आत हात घालून आधी रोलंडशी आणि मग माझ्याशी हात मिळवला. म्हणाला, "जिंकलात. माझ्या मनाविरुद्ध, पण जिंकलात. आता पुढच्या वादळात पहिली खाट रोलंडची. कुणी आड आलं तर मला सांगा."

रोलंड म्हणाला, "थँक यू, हॉलिस." एवढंच. आणि समोरच्या काचेकडे बघत राहिला. त्यानं सिलिंडरची नळी मुठीत घट्ट धरली होती.

"ती खाट तूच घे, हॉलिस," मी म्हटलं. "तू एकटा असतोस. आम्ही पुढच्या हिवाळ्यात इथे नसू. डेनिजकडे जातोय."

हॉलिसला वाटलं मी जिंकल्यावर त्याला टोमणा मारतेय. तो हसला, काठी उंचावली आणि आपल्या गाडीकडे गेला. रोलंड हसला नाही. त्यानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागला, आणि बराच वेळ पुसत राहिला. मी गाडी सुरू केली. चाकं दोनदा जागच्या जागी फिरली, मग चिखलातून सुटली, आणि विनीला कढयांपासून सोडवून आणायला आम्ही टेकडीच्या रस्त्याला लागलो.